जुनं एनव्हिडिया कार्ड, लिनक्स आणि कर्नल अपडेट झालं की काळी स्क्रीन

जुना पीसी, बहुतेक कोअर टू ड्युओ नाहीतर सुरुवातीच्या आय३ चा, त्यात जीफोर्स २१० किंवा ८४०० जीएस किंवा जीटी ६१० असलं छोटंसं कार्ड, आणि वर लिनक्स मिंट, डेबियन, एमएक्स असं काहीतरी. महिनोन्महिने बिनतक्रार चालतो. मग अपडेट मॅनेजर म्हणतो अपडेट आलंय, आपण हो म्हणतो, मशीन रीस्टार्ट होतं आणि लोगो गेल्यावर स्क्रीन काळीच राहते, कोपऱ्यात एक रेघ लुकलुकत असते तेवढीच. काही मशीनवर डेस्कटॉप येतो, पण सगळं अवाढव्य दिसतं, ८०० बाय ६०० मध्ये, आणि विंडो ओढली की ती मागून फरफटत येते.

यावर जो तो एकच उपाय करतो, फॉरमॅट मारायचं आणि परत लिनक्स टाकायचं. त्याने चालूही होतं. मग कुणीतरी 'ग्राफिक्सचा ड्रायव्हर टाकला पाहिजे' म्हणून तो टाकतं आणि पुढचं कर्नल (लिनक्सचा गाभा) अपडेट आलं की परत काळी स्क्रीन. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आता शाळेतल्या, वाचनालयातल्या, झेरॉक्सच्या दुकानातल्या असल्या मशीनवर लिनक्स टाकायचं म्हणून बरेच जण विचारतात, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय. कारण दोन-तीनदा असं झालं की माणूस लिनक्सच बेकार आहे असं ठरवतो आणि चांगलं धडधाकट मशीन भंगारात जातं, त्याचं मला खरंच वाईट वाटतं. यातलं बहुतेक सगळं फॉरमॅट न मारता दुरुस्त होतं.

आधी आत शिरू. मशीन चालू करताना शिफ्ट दाबून धरा (नवीन यूईएफआय वालं असेल तर एस्केप टिचकी मारत राहा), ग्रबचा, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमचा, मेनू येईल. डेबियनमध्ये तो आपोआपच काही सेकंद दिसतो. त्यात 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' मध्ये गेलात की एकापेक्षा जास्त कर्नल दिसतील, सगळ्यात वरचा नवा, त्याच्याखाली आधीचा. आधीचा निवडा, रिकव्हरी असं लिहिलेला सोडून साधा. यातून डेस्कटॉप नीट आला तर अर्धं निदान इथेच झालं: कार्ड जिवंत आहे, मॉनिटर ठीक आहे, केबल ठीक आहे, नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर तयार झाला नाही एवढंच. आणि जर जुन्या कर्नलनेही काही येत नसेल आणि बायोसच्या स्क्रीनवरसुद्धा रंगीत ठिपके, आडव्या रेघा दिसत असतील तर पुढचं वाचण्यात वेळ घालवू नका, ते हार्डवेअर आहे. फॅन फिरतोय का, हीटसिंकमध्ये धूळ किती, कपॅसिटर फुगलेत का ते बघा, कार्ड काढून स्लॉट साफ करून परत बसवा.

जुना कर्नल यादीत नसेल तर दुसरी वाट आहे. ग्रबमध्ये पहिल्या ओळीवर उभं राहून कीबोर्डवर ई दाबा, 'लिनक्स' ने सुरू होणारी लांब ओळ शोधा, तिच्या शेवटी एक जागा सोडून नोमोडसेट हा शब्द इंग्रजीत टाइप करा, मग कंट्रोल आणि एक्स. मशीन साध्या मोडमध्ये उठेल. हे फक्त त्या एका बूटपुरतं असतं आणि तेवढंच ठेवा. मला सगळ्यात जास्त वेळा सापडणारी गोष्ट हीच आहे की कुणीतरी हा शब्द ग्रबच्या फाइलमध्ये कायमचा घालून ठेवलेला असतो, मशीन उठतंय ना मग झालं, आणि मग वर्षभर तक्रार असते की लिनक्स स्लो आहे, यूट्यूब अडकतं, प्रोसेसर कायम शंभर टक्के. नोमोडसेट म्हणजे कर्नलमधल्या सगळ्या ग्राफिक्स ड्रायव्हरना 'तुम्ही उठू नका' असं सांगणं, इंटेल असो, एएमडी असो, एनव्हिडियाचा ओपन ड्रायव्हर असो. मग स्क्रीनवरचं सगळं प्रोसेसर एकटा रंगवतो. तपासायला मेसा-युटिल्स नावाचं पॅकेज टाका आणि टर्मिनलमध्ये जीएलएक्सइन्फो कमांड कॅपिटल बी चा पर्याय लावून चालवा. रेंडररच्या ओळीत 'एलएलव्हीएमपाइप' आलं तर तुमचं कार्ड नुसतं शोभेला आहे, काम प्रोसेसर करतोय. ग्रबची ती फाइल ईटीसीमधल्या डिफॉल्ट फोल्डरमध्ये ग्रब या नावाने असते, त्यातून तो शब्द काढून अपडेट-ग्रब चालवायचं.

आता कार्ड नक्की कुठल्या पिढीचं आहे ते बघू, आणि ही पायरी कुणी सोडू नका कारण पुढचं सगळं यावर आहे. डब्यावरचं किंवा कार्डवरच्या स्टिकरवरचं नाव बघून ठरवू नका. टर्मिनलमध्ये एलएसपीसीआय ही कमांड, पुढे डॅश एनएनके. त्यात व्हीजीए लिहिलेली ओळ शोधा. तिथे चिपचं खरं नाव येतं आणि त्याच्याखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' म्हणून सध्या कोण काम करतंय ते येतं. ही खालची ओळच नसेल तर कार्डला कुणी वालीच नाही.

चिपचं नाव जी८ किंवा जी९ किंवा जीटी२ ने सुरू होत असेल, म्हणजे जी९८, जीटी२१८ वगैरे, तर तो टेस्ला पिढीचा, जीफोर्स ८००० पासून ३०० मालिकेपर्यंत. याला एनव्हिडियाचा ३४० वाला ड्रायव्हर लागतो आणि त्याची शेवटची आवृत्ती ३४०.१०८ डिसेंबर २०१९ मध्ये आली, त्यानंतर काही नाही. जीएफ ने सुरू होत असेल तर फर्मी, त्याला ३९० वाला, तो २०२२ च्या शेवटी थांबला. जीके म्हणजे केप्लर, त्याला ४७० वाला, तोही २०२४ मध्ये थांबला. याच्याही आधीची जीफोर्स ६००० आणि ७००० मालिका ३०४ वाल्यावर चालायची, तो २०१७ पासून बंद आहे.

आणि इथे नावं फसवतात. जीटी ६१० नाव ऐकून वाटतं ६०० मालिका म्हणजे केप्लर, पण आतली चिप जीएफ११९, म्हणजे फर्मी, म्हणजे ३९०. जीटी ७१० मात्र जीके२०८, केप्लर. जीटी ६३० आणि जीटी ७३० तर एकाच नावाने दोन्ही पिढ्यांच्या चिप घालून विकली गेलीत, त्यामुळे शेजारच्याच्या जीटी ७३० ला ४७० चालला म्हणून तुमच्याला चालेल असं नाही. ८४०० जीएस या नावाखाली तर वर्षानुवर्षं वेगवेगळ्या चिप आल्या, सुदैवाने सगळ्या ३४० मध्येच येतात.

मग दर अपडेटला हे मोडतं का? एनव्हिडियाचा जुना ड्रायव्हर दोन भागांचा असतो. एक मोठा बंद भाग, ज्याचा कोड कुणाला दिसत नाही, आणि दुसरा एक पातळ थर, जो उघडा असतो आणि तुमच्या मशीनवर तुमच्या कर्नलसाठी कंपाइल होतो. नवा कर्नल आला की डीकेएमएस नावाचं साधन हा थर परत बनवायला घेतं. पण लिनक्स कर्नलमध्ये आतली फंक्शनं कधीही बदलतात, बाहेरच्या ड्रायव्हरसाठी ती तशीच ठेवायची असं बंधन ते लोक घेत नाहीत. उदाहरणार्थ ५.६ मध्ये 'आयओरीमॅप नोकॅश' नावाचं एक फंक्शन काढून टाकलं, जुना थर ते वापरायचा, झालं, कंपाइल फेल. चालू ड्रायव्हरमध्ये कंपनी ही दुरुस्ती करून देते, बंद झालेल्यात कोण देणार? चौकट दर काही महिन्यांनी बदलतेय आणि दार २०१९ च्याच मापाचं आहे.

बरं, नवा ड्रायव्हर बनला नाही तर नाही, कर्नलमध्ये नूव्हो नावाचा ओपन ड्रायव्हर आहे ना, २०१० मध्ये आलेल्या २.६.३३ पासून तो कर्नलबरोबरच येतो, मग तो का उठत नाही? कारण एनव्हिडियाचं पॅकेज टाकताना ते नूव्होला ब्लॅकलिस्ट करतं, दोघं एका कार्डवर बसू शकत नाहीत म्हणून. म्हणजे अपडेटनंतर अशी अवस्था होते की एनव्हिडिया बनला नाही आणि नूव्होला बंदी. दोघंही नाहीत. काळी स्क्रीन ती हीच. हे एकदा लक्षात आलं की उपायही सरळ दिसतो.

खात्री करायची असेल तर डीकेएमएस स्टेटस ही कमांड चालवा. जुन्या कर्नलपुढे 'इन्स्टॉल्ड' दिसेल, नव्यापुढे काहीच नाही किंवा नुसतं 'ॲडेड'. व्हार, लिब, डीकेएमएस या फोल्डरमध्ये ड्रायव्हरच्या नावाखाली मेक डॉट लॉग नावाची फाइल असते, त्यात पहिला 'एरर' कुठला ते वाचा, पहिलाच, बाकीचे त्याच्यामागून आलेले असतात.

माझं मत स्पष्ट आहे. टेस्ला आणि फर्मी कार्डांवर, म्हणजे ३४० आणि ३९० वाल्यांवर, घरच्या आणि ऑफिसच्या साध्या कामाला एनव्हिडियाचा बंद (क्लोज्ड सोर्स) ड्रायव्हर टाकूच नका, नूव्होवर या आणि निवांत राहा. थोडा वेग कमी मिळेल पण दर अपडेटला जीव मुठीत धरायला लागणार नाही. ज्या मशीनपाशी रोज कुणी जाणकार बसलेला नसतो तिथे तर हाच एक शहाणपणाचा मार्ग आहे.

नूव्होवर यायचं तर साफसफाई नीट करा, अर्धवट केली की परत तेच. जुन्या कर्नलने उठा. ड्रायव्हर एनव्हिडियाच्या साइटवरून डॉट रन फाइल घेऊन टाकला असेल तर एनव्हिडिया-अनइन्स्टॉल ही कमांड आहे, आधी ती. पॅकेजमधून टाकला असेल तर ॲप्ट पर्ज वापरून एनव्हिडिया नावाची पॅकेजं काढा, पण ॲप्ट जी यादी दाखवतं ती वाचल्याशिवाय हो म्हणू नका, कधीकधी डेस्कटॉपचं काहीतरी त्यात ओढलं जातं. मग ईटीसीमधल्या एक्स११ फोल्डरमध्ये झॉर्ग डॉट कॉन्फ अशी फाइल आहे का बघा, त्यात ड्रायव्हर म्हणून एनव्हिडिया लिहिलेलं असेल तर फाइलचं नाव बदलून ठेवा. आजच्या झॉर्गला (स्क्रीनवर सगळं दाखवणारा एक्स११ चा सर्व्हर) ती फाइल लागत नाही. मग ईटीसीमधलं मॉडप्रोब डॉट डी हे फोल्डर आणि लिबमधलं त्याच नावाचं फोल्डर, दोन्हीकडे 'ब्लॅकलिस्ट नूव्हो' अशी ओळ शोधा. डॉट रन वाल्याने घातलेली फाइल बऱ्याचदा इथे राहून जाते. ती काढा.

आणि यानंतर अपडेट-इनिट्रॅमएफएस चालवायला विसरू नका, पुढे डॅश यू आणि डॅश के ऑल. ब्लॅकलिस्टची ती फाइल बूटच्या सुरुवातीला लोड होणाऱ्या इनिट्रॅमएफएसमध्येही कॉपी झालेली असते, त्यामुळे डिस्कवरून काढली तरी तिथली प्रत नूव्होला अडवतच राहते आणि लोक म्हणतात सगळं केलं तरी होत नाही. मग नोमोडसेट काढून अपडेट-ग्रब, आणि नव्या कर्नलने रीस्टार्ट. उठल्यावर परत एलएसपीसीआय आणि जीएलएक्सइन्फो. आता ड्रायव्हरच्या ओळीत नूव्हो आणि रेंडररमध्ये एनव्हीए८ असं काहीतरी (जीफोर्स २१० ला हेच येतं) दिसलं की झालं.

नूव्होचे खरे त्रासही सांगायला पाहिजेत. एक म्हणजे कार्ड बूटच्या वेळच्या कमी क्लॉकवर अडकून राहतं. जीटी२१८ सारख्या टेस्लावर आणि केप्लरवर डीबगएफएस या कर्नलच्या अंतर्गत फोल्डरमधल्या पीस्टेट नावाच्या फाइलमधून ते हाताने वाढवता येतं, फर्मीवर येत नाही. रीस्टार्ट झालं की परत खाली येतं, आणि काही कार्डांवर क्लॉक वाढवताना मशीन हँग होतं, त्यामुळे फाइल सेव्ह करून मगच करून बघा. वर्ड, एक्सेलसारख्या कामाला, ब्राउझरला, टॅलीसारखं काही रिमोटवर चालवायला याची गरजही पडत नाही. दुसरं, काही मशीनवर अधूनमधून स्क्रीन गोठते. एक्सएफसीई डेस्कटॉप असेल तर विंडो मॅनेजर ट्वीक्समध्ये जाऊन कंपोझिटर (विंडोंच्या सावल्या, इफेक्ट रंगवणारा भाग) बंद करा, बरेचदा तेवढ्याने थांबतं. सिनॅमनसारखा डेस्कटॉप या कार्डांवर घेऊच नका, तो कायम थ्रीडी वापरतो.

तिसरं म्हणजे व्हिडिओ. नूव्होमध्ये व्हिडिओ डिकोडला कार्डाचं फर्मवेअर वेगळं काढावं लागतं आणि क्रोमियम तर नूव्हो दिसला की ॲक्सलरेशन स्वतःच बंद करतं. यावर फार डोकं घालवू नका. यूट्यूब हल्ली व्हीपी९ किंवा एव्ही१ या नव्या फॉरमॅटमध्ये व्हिडिओ पाठवतं, ते ही जुनी कार्डं बंद ड्रायव्हर टाकला तरी डिकोड करू शकत नाहीत, सगळा भार प्रोसेसरवर येतो. फायरफॉक्समध्ये यूट्यूबला जुना एच.२६४ फॉरमॅट पाठवायला लावणारं एच२६४इफाय नावाचं एक्स्टेन्शन टाका आणि क्वालिटी ४८० वर ठेवा, कोअर टू ड्युओवरही नीट चालतं.

ज्यांना बंद ड्रायव्हर लागतोच, म्हणजे एखादं जुनं थ्रीडी सॉफ्टवेअर आहे आणि नूव्होवर ते रेंगाळतं, त्यांनी कर्नल बांधून ठेवायचा. मिंटमध्ये अपडेट मॅनेजरच्या व्ह्यू मेनूत लिनक्स कर्नल्स आहे, चालणारी मालिका तिथून बघून ठेवा आणि नव्या मालिकेवर जाऊ नका. डेबियनमध्ये कर्नलच्या मेटापॅकेजवर (नवा कर्नल ओढून आणणारं पॅकेज) ॲप्ट-मार्क होल्ड. पण हे कायमचं नाही. ३४०.१०८ मूळ रूपात ५.४ च्या आसपासच्या कर्नलपर्यंत बनतो. मिंट २० मध्ये तो ड्रायव्हर मॅनेजरमध्ये दिसायचा, २१ पासून गेला. आणि ज्या उबुंटू २०.०४ वर मिंट २० उभं होतं त्याचा सर्वसाधारण सपोर्ट २०२५ मध्येच संपला. असं मशीन इंटरनेटवर ठेवून त्यावर बँकेचं काम करणं मला पटत नाही, ते त्या एका सॉफ्टवेअरपुरतं ठेवा. आर्च लिनक्सच्या एयूआर या वापरकर्त्यांच्या पॅकेजसाठ्यात आणि सिड या डेबियनच्या तयार होत असलेल्या आवृत्तीत काही मंडळी ३४० ला नव्या कर्नलसाठी पॅच लावत राहतात, त्यांची चिकाटी मोठी आहे, पण ते पॅच लावायला ज्याला हात बसलाय त्याच्यासाठीच ते आहे.

बरेच जण विचारतात की एनव्हिडियाने २०२२ मध्ये ड्रायव्हर ओपन सोर्स केला ना, मग आमच्या कार्डाला तो का नाही. तो ट्युरिंग आणि त्यापुढच्या कार्डांनाच आहे, म्हणजे २०१८ नंतरच्या. जुन्यांना त्याचा काही उपयोग नाही. एक्स११ च्या जागी येणाऱ्या वेलँड या नव्या डिस्प्ले पद्धतीचंही असंच. तिला लागणारा जीबीएम हा भाग एनव्हिडियाने ४९५ पासून दिला, त्यामुळे ३४०, ३९०, ४७० तिन्हींवर वेलँड धड चालत नाही. उबुंटू २५.१० मध्ये गनोमचं एक्स११ सेशनच काढलंय, तेव्हा बंद ड्रायव्हरला चिकटून राहणाऱ्यांना डेस्कटॉपच्या बाजूनेही वाट अरुंद होत चाललीय. केप्लर असेल, जीटी ७१० वगैरे, तर ४७० वर आज चाललंय तोवर चालवा पण पुढच्या मोठ्या अपडेटच्या आधी नूव्होवर यायची तयारी ठेवा.

एक अगदी साधा उपाय लोक विसरतात. कार्ड काढून टाका. आपल्याकडे असली बरीच मशीनं जी३१ किंवा जी४१ बोर्डाची आहेत आणि त्यांच्यात इंटेलचं ग्राफिक्स बोर्डावरच आहे. जी४१ मधलं एक्स४५०० कर्नलमधल्या आय९१५ ड्रायव्हरने आणि मेसा या ओपन ग्राफिक्स ड्रायव्हरच्या संचातल्या क्रोकसने चालतं, काहीही टाकावं लागत नाही, अपडेटला मोडत नाही. मेसा २२ मध्ये जुने क्लासिक ड्रायव्हर काढले तेव्हा अशा मशीनचं काय होणार अशी भीती होती, पण क्रोकस त्याच जागी आला आणि चांगला आहे. जी३१ त्याहून जुना, त्यावर थ्रीडीची अपेक्षा नको, बाकी चालतं. फक्त एक्ससर्व्हर-झॉर्ग-व्हिडिओ-इंटेल या लांबलचक नावाचं जुनं पॅकेज असेल तर काढून टाका, मोडसेटिंग नावाचा ड्रायव्हर आपोआप लागेल, स्क्रीनवर फाटल्यासारख्या रेघा येत असतील तर कधीकधी त्यानेही जातात. अडचण एवढीच की बऱ्याच बोर्डांवर व्हीजीएच असतं, एचडीएमआय नसतं, आणि कार्ड काढल्यावर बायोसमध्ये ऑनबोर्ड चालू करून केबल तिथे लावावी लागते.

कार्ड लागणारच असेल, एचडीएमआयसाठी म्हणा, तर लॅमिंग्टन रोडला किंवा तुमच्या गावच्या सेकंड हँड वाल्याकडे जीफोर्स २१० मागू नका, रेडिऑन एचडी ५४५० किंवा ६४५० मागा. तशीच छोटी, बहुतेक बिनफॅनची कार्डं. ती कर्नलमधल्या रेडिऑन ड्रायव्हरवर आणि मेसाच्या आर६०० वर चालतात, एएमडीचा बंद ड्रायव्हर शोधायचा नाही, तो या कार्डांसाठी केव्हाच संपला. त्यांना फर्मवेअरच्या फाइल मात्र लागतात. मिंट आणि उबुंटूमध्ये त्या आधीच असतात. डेबियन १२ पासून इन्स्टॉलरमध्येच येतात. त्याआधीच्या डेबियनवर काळी स्क्रीन आली तर पॅकेजच्या यादीत नॉन-फ्री विभाग चालू करून फर्मवेअर-एएमडी-ग्राफिक्स टाका. आणि विकत घेताना तुमचा डबा स्लिम आहे का ते सांगा, त्यात छोटी पट्टी असलेलंच कार्ड बसतं आणि ती पट्टी नंतर सहजासहजी सुटी मिळत नाही.